अडथळ्यांची वही : सीमाभागात राहून ध्येयाची तयारी कशी करावी

बेळगावातल्या कोणत्याही अभ्यासिकेत संध्याकाळी तासभर बसले, तर एक वाक्य हमखास कानावर पडते : "आपल्याला इथे वाव नाही." पीयूसीत, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीत, गणित अडलेला मुलगा हे म्हणतो, सैन्यभरतीच्या धावण्यात काही सेकंदांनी मागे पडलेला तरुण हे म्हणतो, आणि यंत्रमागाचा घरचा धंदा बसल्यामुळे नवे काही शोधणारा शहापूर-वडगावकडचा चाळिशीतला गृहस्थही हेच म्हणतो. तिघांच्या अडचणींचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी कारण म्हणून तिघेही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. या वाक्यात अर्धे सत्य आहे, आणि म्हणूनच ते घातक आहे. ते निव्वळ खोटे असते, तर त्यावर इतकी माणसे इतकी वर्षे विसंबून राहिली नसती.

त्यातला खरा अर्धा भाग कोणता आणि आपणच वाढवून घेतलेला कोणता, हे वेगळे करण्याची रीत पुढे पायरीपायरीने दिली आहे. त्यासाठी दोनशे पानी एक वही, रोजची ४० मिनिटे आणि किमान सहा महिने लागतात. प्रेरणादायी भाषणांवर माझा फारसा भरवसा नाही, त्यामुळे तसले काही इथे सापडणार नाही.

पहिली पायरी : ध्येय एका वाक्यात लिहावे

वहीच्या पहिल्या पानावर ध्येय एकाच वाक्यात लिहावे आणि काय, किती व केव्हापर्यंत या तिन्हींची उत्तरे त्यात असावीत. "सरकारी नोकरी लागावी" ही इच्छा झाली. "पुढच्या मार्चअखेर पूर्वपरीक्षेचा अभ्यासक्रम एकदा पुरा करून २० सराव प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवीन" हे ध्येय झाले. या दुसऱ्या वाक्यात निवड होण्याचा उल्लेखही नाही, कारण निवड ही जागा किती निघतात आणि बाकीचे उमेदवार कसे आहेत यांवरही अवलंबून असते. निवडीचे स्वप्न मनात खुशाल असावे. पानावर मात्र आपल्या हातून व्हायचे काम लिहावे.

दुसरी पायरी : अडथळे लिहून त्यांची वर्गवारी करावी

दुसऱ्या पानापासून अडथळे लिहायला घ्यावेत. क्रम लावू नये, लाजू नये आणि एका बैठकीत आठवतील तेवढे सगळे लिहावेत : घरात अभ्यासाला जागा नाही, कन्नड वाचता येत नाही, इंग्रजीत बोलायचे म्हटले की घाम फुटतो, गावाकडची शेवटची बस लवकर सुटते, वडिलांच्या डोक्यावर कर्ज आहे, सीमाप्रश्न सुटत नाही, हातातला मोबाइल सुटत नाही. दुसऱ्या दिवशी तीच यादी पुन्हा वाचून प्रत्येक ओळीपुढे एक खूण करावी. जे पूर्णपणे आपल्या हातात आहे त्याला 'मा', जे अर्धे आपल्या आणि अर्धे दुसऱ्याच्या हातात आहे त्याला 'अ', आणि ज्यावर आपला काहीही अंमल चालत नाही त्याला 'ना'.

सीमाभागातल्या माणसाची यादी इथेच इतरांहून वेगळी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये या सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि तो अजून निकालात निघालेला नाही. या प्रश्नावर कोणी कोणती भूमिका घ्यावी, हे सांगण्याची ही जागा नव्हे. मी स्वतः लहानपणापासून १ नोव्हेंबरचा निषेधाचा काळा दिन पाहत आलो आहे आणि त्यामागची वेदना मला परकी नाही. पण १९५६ च्या त्या दिवशी जन्मलेले मूल २०१६ मध्ये ६० वर्षांचे झाले, म्हणजे शाळा, नोकरी, लग्न, मुलांची शिक्षणे आणि निवृत्ती एवढे सगळे त्याने प्रश्न लोंबकळत असतानाच उरकले. आपल्या आधीच्या दोन पिढ्यांतली कितीतरी हुशार माणसे "निकाल लागला की बघू" म्हणत थांबली. निकाल लागला नाही आणि त्यांचे वय मात्र कोणासाठी थांबले नाही.

म्हणून 'ना' खूण केलेल्या प्रत्येक अडथळ्याखाली एक प्रश्न लिहावा : "हे आहे तसेच राहिले, तर मी काय करणार?" उत्तर सुचेपर्यंत पुढच्या पानावर जाऊ नये. बहुतेकांच्या बाबतीत असे दिसते की 'ना' म्हणून लिहिलेल्या ओळींतल्या निम्म्याअधिक ओळी या प्रश्नापुढे टिकत नाहीत. उदाहरणार्थ, "मराठीतून शिकलो, आता मोठ्या परीक्षा कशा देणार" ही ओळ घ्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा मुख्य परीक्षा उमेदवार कुठेही राहत असला तरी मराठीतून लिहिता येते, आणि तिच्यातील ३०० गुणांच्या भारतीय भाषेच्या पात्रता प्रश्नपत्रिकेसाठीही मराठी निवडता येते. त्या प्रश्नपत्रिकेत २५ टक्के गुण पुरतात. पूर्वपरीक्षा मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते. कर्नाटकच्या राज्य सेवेत जायचे, तर कन्नडची पात्रता चुकत नाही. म्हणजे भाषेचा म्हणून जो एक भला मोठा धोंडा वाटत होता, त्याचे तीन तुकडे झाले : एक अडथळाच नव्हता, दुसऱ्यासाठी वाचनापुरते इंग्रजी हवे आणि तिसऱ्यासाठी कन्नड. उरलेल्या दोन्ही तुकड्यांपुढे आता 'मा' लिहावे लागते.

तिसरी पायरी : 'मा' अडथळ्याचे पंधरवड्यात मावतील असे तुकडे करावेत

कन्नडचेच उदाहरण पुढे नेतो, कारण सीमाभागातल्या मराठी माणसाच्या मनात या विषयाभोवती अभ्यासापेक्षा अभिमान आणि भीती यांचीच गर्दी जास्त असते. शाळेत कन्नड हा विषय असतो, पण पुष्कळ मुले तो पाठांतरावर काढतात आणि पुढे नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात, उत्पन्नाचा दाखला काढायला गेल्यावर अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतात. कन्नड शिकणे म्हणजे मराठी सोडणे, अशी एक समजूत काही घरांतून असते. ज्या भाषेतून आपण अक्का, अण्णा आणि तूप हे शब्द घेतले, ती शिकल्याने मराठी कशी उणी होईल, हे मला कधी उमगले नाही.

कामाचा हिशेब असा आहे. कन्नड वर्णमालेत ४९ अक्षरे आहेत आणि त्यांचा क्रम आपल्या क, ख, ग, घ सारखाच आहे. हिंदीत नसलेला आपला ळ तिथे घरचाच आहे. रोज चार अक्षरे गिरवली, तर १३ दिवसांत वर्णमाला पुरी होते. पुढचा पंधरवडा कागुणित म्हणजे तिकडच्या बाराखडीला द्यावा आणि त्यानंतरचा पंधरवडा ओत्तक्षरांना, म्हणजे अक्षराच्या पायाशी लिहिल्या जाणाऱ्या जोडाक्षरांना. मराठी माणूस अडखळतो तो मुख्यतः ए आणि ओ या स्वरांपाशी, कारण कन्नडमध्ये या दोन्हींचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगवेगळे प्रकार आहेत आणि त्यांनी अर्थ बदलतो : ऱ्हस्व ओ घेऊन 'ओले' म्हटले तर ती चूल असते आणि दीर्घ ओ घेऊन म्हटले तर ते पत्र असते. सुमारे सहा आठवड्यांनी बसवरची पाटी, दुकानाचा फलक आणि जमिनीच्या उताऱ्यावरची नावे वाचता येऊ लागतात. भाषा आली असे त्याला म्हणता येणार नाही, पण भीतीचा पाया इथेच हलतो.

तो का हलतो, याचे चांगले उत्तर मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात आहे. "हे मला जमेल" हा विश्वास माणसात चार वाटांनी येतो, असे ते सांगतात : स्वतः काही करून यश मिळाल्यामुळे, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमलेले पाहिल्यामुळे, कोणी धीर दिल्यामुळे आणि त्या वेळच्या शरीर-मनाच्या अवस्थेमुळे. यांत सर्वांत बळकट वाट पहिली. आपण मात्र मुलांना पाठीवर थाप देण्यावरच बहुतेक भर देतो आणि स्वतः अर्ज वाचून भरण्याइतके लहान यश त्यांच्या पदरात पडू देत नाही. अंगी विश्वास आला की मग काम सुरू करू, असे म्हणणाऱ्याने हा क्रम उलटा धरलेला असतो.

दुसऱ्या वाटेचाही उपयोग करून घ्यावा, पण आदर्श जवळचा निवडावा. खानापूर तालुक्यातल्या वाडीवरून येऊन पीयूसी विज्ञान पार केलेली, आपल्याहून तीन वर्षांनी मोठी मुलगी ही टीव्हीवरच्या यशस्वी माणसापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडते. दहावीपर्यंतचे मराठी शब्द आणि पुस्तकातले इंग्रजी शब्द तिने कसे जुळवले, हे तिला विचारता येते. त्वरण, विस्थापन, संयुजा हे शब्द ज्याला आधीच समजले आहेत, त्याला इंग्रजीत फक्त नाव नवे शिकायचे असते, संकल्पना नव्हे; डाव्या बाजूला मराठी आणि उजव्या बाजूला इंग्रजी अशी रोज १० शब्दांची यादी केली, तर पहिल्या दोन महिन्यांत वर्गातला गोंधळ बराच निवळतो.

चौथी पायरी : "जमत नाही" या वाक्याची डागडुजी करावी

वहीत "मला जमत नाही" असे जिथे लिहिले गेले असेल, तिथे त्यात "अजून" हा शब्द घालावा आणि पुढे एक कारण लिहावे. मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांच्या संशोधनातून आलेला हा विचार आता सर्वतोमुखी झाला आहे : बुद्धी ही ठरलेली वस्तू नसून ती कमावता येते, असे मानणारी मुले अपयशाने तितकी खचत नाहीत. तो मला मान्य आहे, पण त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० मुलांवर केलेला एक मोठा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हा विचार समजावणारा, एका तासाहून कमी वेळाचा पाठ मुलांना दिला होता, आणि अभ्यासात मागे असलेल्या मुलांची श्रेणी त्यामुळे चार गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी ०.१ ने सुधारली. इतक्या स्वस्त उपायाच्या मानाने हे चांगलेच आहे, पण केवळ विचार बदलून कोणी नापासाचा पहिला येत नाही, हेही त्यातून दिसते. "अजून" लिहिल्यावर लगेच तिसऱ्या पायरीतला एखादा तुकडा हाती घेतला, तरच त्या शब्दाला वजन येते.

पाचवी पायरी : जर-तरची पाने लिहावीत

या संपूर्ण लेखातली एकच पायरी करायची असेल, तर ही करावी. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली ही युक्ती अगदी साधी आहे : "मी नियमित अभ्यास करीन" असे ठरवण्याऐवजी "अमुक घडले, तर मी तमुक करीन" असे आधीच लिहून ठेवायचे. २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा नुसत्या निश्चयापेक्षा जर-तरचा परिणाम स्पष्टपणे अधिक आढळला. गाब्रिएले ओटिंगेन यांचे संशोधन याला पूरक आहे. नुसती यशाची चित्रे रंगवणाऱ्यांचा जोर प्रत्यक्ष कामात कमी पडतो आणि यशाच्या चित्रालगत अडथळाही डोळ्यांपुढे आणणाऱ्यांचा टिकतो, असे त्यांना दिसले.

जर-तर लिहिताना आपल्या मुलखाचे पंचांग समोर घ्यावे, कारण आपले बरेचसे अडथळे अचानक येत नाहीत, ते दरवर्षी त्याच महिन्यात येतात. खानापुरात पाऊस मुसळधार असतो, भाताची रोपलावणी त्यातच असते आणि वीज जाते. तरीही दर जुलैत "या वर्षी पावसाने अभ्यास बुडाला" हे वाक्य नव्या आश्चर्याने उच्चारले जाते. चिकोडी, रायबाग, अथणीकडे दिवाळीपासून ऊसतोडीचा हंगाम धरतो आणि टोळीचा फोन आला की घरातला तरणा मुलगा फडावर जातो, त्याला इलाज नसतो. सुगी, गणेशोत्सव, लग्नसराई हे सगळे आधी ठाऊक असलेले पाहुणे आहेत. म्हणून पाने अशी लिहावीत :

"संध्याकाळी सातनंतर वीज गेली, तर त्या दिवशी वाचन न करता पाठ केलेली सूत्रे अंधारात तोंडी म्हणेन."
"ऊसतोडीला जावे लागले, तर पहाटे पाच ते साडेपाच एवढेच करीन, पण तेवढे करीन."
"शेवटची बस चुकली, तर थांब्यावर बसल्या बसल्या काल वाचलेले न बघता कागदावर उतरवीन."
"घरी पाहुणे आले, तर चहा देऊन होताच वही घेऊन शेजारच्या ओसरीवर जाईन."

यातली तिसरी ओळ मुद्दाम घातली आहे. वाचलेले पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा ते न बघता आठवून लिहिल्याने अधिक काळ लक्षात राहते, हे प्रयोगांनी वारंवार दाखवले आहे आणि बसथांब्यावर त्यासाठी टेबलखुर्ची लागत नाही. अशा १० ते १२ ओळी पुरेत. ५० लिहिल्या तर आयत्या वेळी एकही आठवत नाही.

सहावी पायरी : वेळेचा अंदाज वाढवून धरावा

आपण कामाला लागणारा वेळ कमी धरतो आणि मग मागे पडल्यावर स्वतःला दोष देतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत पुरा होईल असे सांगितले होते; प्रत्यक्षात ५५ दिवसांहून अधिक लागले. म्हणजे मनात आलेल्या आकड्याची दीडपटीहून जास्त. तेव्हा चार महिने वाटत असतील तर सहा ते सात धरावेत. सवयीचेही तसेच आहे. २१ दिवसांत सवय लागते, हे वाक्य सर्वत्र फिरते, पण लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या निरीक्षणात सरासरी ६६ दिवस आले आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत बदलला. एखादा दिवस चुकल्याने मात्र सवय फारशी मोडली नाही, ही त्यातली दिलासा देणारी बाब. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला म्हणून "माझ्यात चिकाटीच नाही" असा निकाल देऊ नये.

सातवी पायरी : अपयशाचा पंचनामा दोन दिवसांनी करावा

नोकरीच्या सुरुवातीला मी कन्नडच्या खात्यांतर्गत परीक्षेत नापास झालो. त्या रात्री मी वहीत लिहिले होते, "मराठी आडनाव पाहिले की हे असेच करणार." दोन दिवसांनी राग उतरल्यावर मी कच्च्या कागदावर तीच प्रश्नपत्रिका घड्याळ लावून पुन्हा लिहिली, तेव्हा पत्रलेखनाचा प्रश्न वेळेत लिहूनच होत नव्हता, कारण माझा ओत्तक्षरांचा हात बसलेला नव्हता. दोष आडनावाचा नव्हता, गतीचा होता. भेदभाव होतच नाही असे मी म्हणणार नाही. पण त्या वेळी तो झाला नव्हता, आणि झाला असे मानून बसलो असतो तर दुसऱ्या खेपेलाही नापास झालो असतो.

तेव्हापासून मी तीन प्रश्नांची रीत पाळतो. निकालाच्या दिवशी काहीही लिहायचे नाही. तिसऱ्या दिवशी लिहायचे : प्रत्यक्ष काय घडले, त्यातले माझ्या हातात काय होते, आणि पुढच्या खेपेस कोणती एक गोष्ट वेगळी करणार. एकच गोष्ट, कारण पाच ठरवल्या की एकही होत नाही. सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांना ही रीत चटकन पटते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्याने इथल्या गावोगावी पहाटे धावणारी मुले दिसतात. १६०० मीटरमध्ये वेळ कमी पडली, तर "माझा दम कमी" असे न लिहिता चार फेऱ्यांची वेगवेगळी वेळ लिहावी. पुष्कळदा पहिली फेरी फार जोरात मारल्याने तिसरी कोसळलेली असते, आणि त्यावर उपाय आहे.

आठवी पायरी : थांबण्याची रेषा आधीच आखावी आणि घरी सांगावी

चिकाटीचे गोडवे गाणारे लोक ही पायरी गाळतात, आणि त्याची किंमत मुले भरतात. नागरी सेवेत खुल्या प्रवर्गाला वयाच्या ३२ पर्यंत सहा संधी असतात. सगळ्या वापरल्याच पाहिजेत, असे कुठेही लिहिलेले नाही. किती प्रयत्न, किती वर्षे आणि घरचे किती पैसे, हे तिन्ही आकडे सुरुवातीलाच वहीच्या शेवटच्या पानावर लिहावेत, कारण अपयशाच्या तडाख्यात हा निर्णय नीट घेता येत नाही. त्याच पानावर दुसरी वाटही लिहावी, आणि ती खरोखर चालण्याजोगी असावी. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्री, यंत्रभागांचे व हायड्रॉलिक्सचे कारखाने यांत सीएनसी म्हणजे संगणकाने चालणारे यंत्र चालवू शकणाऱ्या आणि यंत्रभागाचा नकाशा वाचू शकणाऱ्या माणसाला काम मिळते. आयटीआयचे प्रमाणपत्र अभ्यासाच्या वर्षांतच हाती असले, तर परीक्षेच्या मांडवात बसलेला मुलगाही निवांत मनाने लिहितो.

घरच्यांशी बोलणे अवघड जाते ते बहुधा आकडे नसल्यामुळे. "मला थोडा वेळ द्या" म्हटले की आईवडिलांना त्याचा अंत दिसत नाही, आणि मुलगी असेल तर स्थळांची चर्चा सुरू होते. त्याऐवजी वही समोर ठेवून असे बोलावे : "बाबा, मला पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत द्या. महिन्याला एवढा खर्च येईल, त्यातला इतका मी शिकवण्या घेऊन भागवीन. दोन प्रयत्नांत झाले नाही, तर या पानावर लिहिलेले काम मी धरीन. तोवर लग्नाचा विषय नको." शेतात राबणारा आणि बाजारात हिशेब करणारा बाप हे बोलणे समजतो, कारण बी-बियाण्याचा खर्च, हंगाम आणि पीक गेले तर काय, हाच विचार तो दर वर्षी करत असतो. मावशी, आत्या, काका यांना मात्र सगळे सांगत बसू नये. गणपतीत जमलेल्या दहा जणांना दहा वेळा उत्तरे देण्यात जी शक्ती जाते, ती अभ्यासातून वजा होते.

बोलणे झाल्यावर ठरलेली तारीख व आकडे त्याच पानावर लिहून खाली वडिलांची किंवा आईची सही घ्यावी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या पानावरची यादी काढून 'मा', 'अ', 'ना' या खुणा पुन्हा तपासाव्यात आणि बदललेली खूण वेगळ्या शाईने, तारखेसह लिहावी.